उशिरा भरलेली ओंजळ

निवृत्त शिक्षकाच्या पहिल्या कवितासंग्रहाचे प्रकाशन हा बुलढाणा जिल्ह्यात आता नवलाचा प्रसंग राहिलेला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेत निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ घरी येते, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मार्गी लागतात आणि मग कपाटाच्या तळाशी पडलेल्या वह्या बाहेर निघतात. कुठे जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या पानावर, कुठे प्रशिक्षण वर्गाच्या टिपणांमागे वीस-तीस वर्षांपूर्वी टिपलेल्या ओळी असतात. मुलगी त्या संगणकावर उतरवून देते, गावातील वा शेजारच्या तालुक्यातील मुद्रक दोनतीनशे प्रतींचा हिशेब सांगतो, मुखपृष्ठावर उगवता सूर्य किंवा उडणारे पक्षी येतात, आणि एका रविवारी सभागृहात आप्तेष्टांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या साक्षीने पुस्तकाची फीत सुटते. टाळ्या होतात. मात्र त्याच सभागृहाच्या मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागून विचारतो, "आता या वयात कविता?"

प्रश्न कुजबुजत विचारला जातो. पण तो खरा आहे आणि त्याला उत्तर हवे. आयुष्यभर मुलांना दुसऱ्यांच्या कविता समजावून सांगणाऱ्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर स्वतःची कविता लोकांपुढे ठेवावी काय? ठेवली तर तिचे मोल कशावर ठरावे? उत्तर शोधण्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. मराठी कवितेच्या इतिहासात सर्वांत उशिरा आलेल्या आणि तरीही टिकून राहिलेल्या पहिल्या संग्रहांपैकी एक ज्याच्या नावावर आहे, तो कवी याच जिल्ह्यात जन्मला.

त्याचे नाव नारायण मुरलीधर गुप्ते. जन्म १ जून १८७२, मलकापूर. भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील हे स्थानक व्यापाऱ्यांना कापसामुळे आणि प्रवाशांना बुलढाण्याकडे जाणाऱ्या फाट्यामुळे ठाऊक आहे; कवीमुळे ते ओळखणारे थोडे. गुप्त्यांचे शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले आणि वऱ्हाडातील सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करण्यात त्यांचे उमेदीचे आयुष्य गेले. नकला करणे, नोंदी ठेवणे, बदली झाली की बिछाना-भांडी बांधून पुढच्या गावी जाणे, हा त्या काळच्या कारकुनाचा जीवनक्रम होता. या माणसाची पहिली कविता १८९१ मध्ये हरि नारायण आपट्यांच्या 'करमणूक' पत्रात छापून आली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे १९११ च्या सुमारास 'बी' हे एकाक्षरी टोपणनाव त्याच्या कवितेखाली येऊ लागले. इंग्रजीत हा शब्द मधमाशीचा; मराठी कानाला मात्र त्यात बियाणे ऐकू येते, आणि ज्या प्रदेशात प्रत्येक घराचे वर्ष बियाण्याच्या उगवणीवर अवलंबून असते, तेथील वाचकाला हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटला तर त्यात अस्वाभाविक काही नाही. बी आधी मातीआड होते. गुप्तेही तसेच राहिले. सभा-संमेलनांपासून दूर, प्रसिद्धीविषयी उदासीन असा हा कवी होता.

त्यांचा पहिला संग्रह 'फुलांची ओंजळ' १९३४ साली प्रसिद्ध झाला. कवीचे वय बासष्ट. नोकरीचे जू खांद्यावरून उतरलेले, केस पिकलेले. पहिली कविता छापून आल्याला त्रेचाळीस वर्षे झाली होती. या त्रेचाळीस वर्षांच्या अखेरीस वाचकाच्या हाती आल्या त्या अवघ्या अडतीस कविता. पुढे १९४७ साली 'पिकले पान' हा अकरा कवितांचा दुसरा लहानसा संग्रह आला आणि त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी छिंदवाडा येथे कवीने देह ठेवला. छिंदवाडा आज मध्य प्रदेशात आहे. त्या काळी वऱ्हाड आणि छिंदवाडा एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडच्या शासनाखाली होते, म्हणून मलकापूरच्या माणसाची अखेर तेथे व्हावी हे तेव्हाच्या वाचकाला आजच्याइतके परके वाटले नसेल.

अडतीस आणि अकरा मिळून एकोणपन्नास. छप्पन्न वर्षांच्या काव्यलेखनाची ही शिल्लक. वर्षाला एक कवितासुद्धा पडत नाही. जमाखर्चाच्या नजरेने पाहणाऱ्यास ही बाकी तोकडी वाटेल. परंतु कवितेच्या वहीत जमेच्या बाजूपेक्षा कवीने स्वतः खोडून टाकलेल्या नोंदींना अधिक महत्त्व असते, आणि त्या नोंदी वाचकाला कधीच दिसत नाहीत. बींच्या छोट्या संग्रहात पानोपानी जाणवते ते हे गाळणे. कविता हाती आली म्हणून तिला पुस्तकात जागा मिळाली, असे तेथे झालेले दिसत नाही.

'माझी कन्या' या एकाच कवितेचे उदाहरण घ्यावे. शाळेत श्रीमंतांच्या मुलींनी गरिबीवरून हिणवलेली एक लहान मुलगी रडत घरी येते आणि तिचे अश्रू पाहून बापाचे मन पिळवटून निघते, एवढाच तिचा प्रसंग. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ही कविता पाठ्यपुस्तकात वाचली, पाठ केली, स्पर्धांत म्हटली. वर्गात ती शिकवणाऱ्या शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते, जी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कधी उतरत नाही: ती वाचली जात असताना वर्गातली एखादी मुलगी मान खाली घालते. ती मान कोणाची आहे, तिच्या अंगावरचा गणवेश कोणाच्या बहिणीचा उतरलेला आहे, हे गुरुजी जाणतात आणि पुढच्या कडव्याकडे वळतात. त्या कवितेतील बापाला जे दिसले ते शिक्षकाला दर वर्षी, दर तुकडीत दिसते. असे पाहणे तीस वर्षे घडलेल्या माणसाने निवृत्तीनंतर लेखणी हाती धरली, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे कोण म्हणेल?

'चाफा' या कवितेचे नशीब वेगळे. वसंत प्रभू यांच्या चालीवर लता मंगेशकरांनी ती गायली आणि ती घरोघरी पोचली. ती प्रियकर-प्रेयसीची आहे की जीव-शिवाची, यावर रसिकांचे दुमत अजून संपलेले नाही. ते संपू नये हेच बरे. गंमत अशी की हे गीत ओठांवर असणाऱ्या दहा माणसांना कवीचे नाव विचारले, तर नऊजण थांबतात, आणि ज्या एकाला नाव ठाऊक असते त्यालाही मलकापूर ठाऊक नसते. नावापेक्षा शब्द अधिक दूर जावेत अशी टोपणनाव घेणाऱ्या कवीचीच इच्छा असेल, तर ती पुरी झाली म्हणावयाची.

बींच्या संग्रहाला प्रस्तावना लाभली ती आचार्य अत्रे यांची. हा तपशील प्रस्तुत विषयात थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. अत्रे हे नाटककार, पत्रकार, चित्रपटकार, वक्ते म्हणून सर्वांना परिचित आहेत; पण त्यांच्या उमेदीची अनेक वर्षे पुण्यातील शाळेत मुख्याध्यापक म्हणून गेली आणि 'नवयुग वाचनमाले'च्या रूपाने त्यांनी महाराष्ट्रातील मुलांच्या हाती मराठीची पुस्तके दिली. पुढे शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचे मोल ओळखून ती १९५२ मध्ये लोकांपुढे आणण्यात पुढाकार घेणारेही अत्रेच. वऱ्हाडचा अबोल कारकून आणि खानदेशची निरक्षर शेतकरीण, दोघांनाही एकाच शिक्षकाची दाद मिळाली. चांगली कविता कानी पडताच तिच्या कर्त्याची पदवी, वय वा हुद्दा न विचारण्याची सवय वर्गात लागली असावी, असे मानण्यास जागा आहे. बहिणाबाई मात्र आपले पुस्तक पाहू शकल्या नाहीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि गाणी छापली गेली ती नंतर.

केशवसुतांचेही तेच झाले. कृष्णाजी केशव दामले पोटासाठी आयुष्यभर शिक्षकी करीत राहिले. मुंबई, खानदेशातील फैजपूर, शेवटी धारवाड. १९०५ मध्ये ऐन उमेदीत ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. मृत्यूनंतर दहा वर्षे उलटल्यावर हरि नारायण आपट्यांनी ती कविता ग्रंथरूपात आणली. आज महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत काव्यासाठीचा पुरस्कार केशवसुतांच्या नावे आहे आणि कवीच्या पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कार बहिणाबाईंच्या नावे. दोघांपैकी एकालाही स्वतःचे छापील काव्यपुस्तक हाती धरता आले नव्हते, ही गोष्ट पुरस्कार देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येत असेल. मागच्या रांगेतल्या कुजबुजीला यापेक्षा नेमके उत्तर कोणते? साठीत आलेला संग्रह उशिरा आला हे खरे, पण तो आला; आणि कवी व्यासपीठावर बसलेला आहे.

जिल्ह्याचे दुसरे उदाहरण मेहकरचे. पैनगंगेच्या काठचे हे गाव शार्ङ्गधर बालाजीसाठी प्रसिद्ध आहे. रेल्वे तेथवर पोचलेली नाही. नागोराव घनश्याम ऊर्फ ना. घ. देशपांडे यांनी येथे वकिली केली आणि येथेच राहून कविता लिहिली. जन्म २१ ऑगस्ट १९०९. त्यांची 'शीळ' ही कविता गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताच्या युगाचा आरंभ अनेक जाणकार त्या तबकडीपासून मानतात. एवढी कीर्ती मिळालेल्या तरुणाने पुढच्याच वर्षी संग्रह काढला असता तर कोणी नावे ठेवली नसती. 'शीळ' हा संग्रह आला १९५४ मध्ये, मुद्रिकेनंतर दोन दशकांहून अधिक काळाने. दुसरा संग्रह 'अभिसार' १९६३ चा. आणि मग बावीस वर्षांची शांतता. 'खूणगाठी' १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ना. घ. शहात्तर वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षी त्याच संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात, 'गुंफण' आणि 'कंचनीचा महाल' ही आणखी दोन पुस्तके आली. कंचनीचा महाल ही मेहकरचीच वास्तू. सत्तर वर्षे लिहून झाल्यावर पुस्तकाच्या नावासाठी कवी परक्या मुलखात गेला नाही, गावच्या दंतकथेतल्या भग्न वास्तूपाशीच गेला. १० मे २००० रोजी ते निवर्तले.

शाळेतून निवृत्त झाल्यावरच ज्यांची कविता अधिक खोल गेली असे म्हणता येईल, त्या कवयित्री बुलढाण्याच्या नव्हेत, सीमाभागातल्या बेळगावच्या आहेत. इंदिरा संत यांचा जन्म ४ जानेवारी १९१४ चा. पती ना. मा. संत यांच्यासह काढलेला 'सहवास' १९४० चा. १९४६ मध्ये पती गेले. मुलांचा सांभाळ आणि बेळगावातील अध्यापन, पुढे शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद, अशी सारी ओढाताण सांभाळत 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' हे संग्रह आले. तरीही १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८२ च्या 'गर्भरेशीम'ला, साठी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या संग्रहाला. अखेरचा 'निराकार' त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, २००० साली आला. घंटेच्या ठोक्यावर चालणारे आयुष्य थांबल्यावर जो मोकळा वेळ मिळतो तो सर्वांना सारखाच मिळतो. इंदिराबाईंनी त्यात नवा विषय शोधला नाही, जुन्याच एकाकीपणाकडे अधिक वेळ पाहिले.

ही मोठी नावे सांगून निवृत्त शिक्षकाच्या प्रत्येक पुस्तकाची भलामण करावी, असा येथे हेतू नाही. खरे बोलायचे तर अशा संग्रहांपैकी बरेच निराश करतात. आई, गुरू, पाऊस, देश, वृक्ष यांवर त्याच शब्दांत तीच भावना येते. शिकवता शिकवता पाठ झालेल्या कवितांचे छंद आणि प्रतिमा नकळत लेखणीत उतरतात, आणि ज्याला शंभर चांगल्या कविता मुखोद्गत आहेत त्यालाच स्वतःचा आवाज सापडणे अवघड जाते, हा शिक्षकाच्या व्यवसायातील एक दुर्दैवी भाग आहे. त्यात सेवापूर्तीच्या निरोपाच्या, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या, अधिकाऱ्यांच्या स्वागताच्या कविताही वहीत असतात आणि त्या गाळण्याचा धीर होत नाही. मग दीडशे कवितांचे पुस्तक तयार होते. त्यातील बारा-पंधरा खरोखर चांगल्या असतात, पण तेथवर वाचक पोचत नाही.

बहुधा त्या बारा-पंधराच शिक्षकाने एरवी कोणाला न दाखवलेल्या असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत ओसाड पडणारे बाक. पेरणीच्या आठवड्यात हजेरीपटावर एकापुढे एक पडत जाणारी गैरहजेरीची खूण. गुणपत्रिकेवर सहीऐवजी अंगठा उठवताना संकोचणारी आई. सातवीनंतर शाळा सुटलेली आणि चार वर्षांनी बाजारात कडेवर मूल घेऊन भेटलेली हुशार मुलगी. वर्गात प्रमाण मराठी आणि पटांगणात वऱ्हाडी बोलणारी मुले, आणि त्या दोन भाषांच्या मधल्या दारात उभा असलेला मास्तर. हे दुसरा कोणी लिहू शकणार नाही. शहरातील कवीला ते दिसत नाही, अधिकाऱ्याला ते आकड्यांत दिसते. ज्याने ते तीस वर्षे जवळून पाहिले त्याने लिहिले नाही, तर जिल्ह्याच्या जीवनाचा तेवढा भाग नोंदीवाचून जाईल. एखादी वही रद्दीत गेली तर असे काही कायमचे हरवते, आणि घरातील माणसांना त्याची वार्ताही नसते.

म्हणून निवडीचे काम कवीने एकट्याने करू नये. मित्र स्तुती करतात आणि विद्यार्थी गुरुजींना नाही म्हणत नाहीत. कविता वाचणारी, पण उपकाराच्या बंधनात नसलेली एखादी व्यक्ती शोधून तिच्या हाती वही द्यावी आणि तिने वगळलेल्या कवितांविषयी वाद घालू नये. अडतीस कवितांचा संग्रह लहान ठरत नाही, हे मलकापूरच्या माणसाने दाखवून दिले आहे. पुस्तक लहान झाले की खर्चही आटोक्यात राहतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या उपदानाच्या रकमेतून हजार प्रती छापून त्या पलंगाखाली ठेवण्यात शहाणपण नाही. आता शंभर-दोनशे प्रती छापण्याची सोय आहे आणि मागणी आली तर पुन्हा छापता येतात. प्रकाशनाच्या जेवणावळीवर होणारा खर्च अनेकदा छपाईहून अधिक असतो, याचा विचार कुटुंबाने आधीच करावा.

प्रती कोठे द्याव्यात, हाही विचार हवा. पाहुण्यांना वाटलेल्या प्रती बहुधा न उघडताच राहतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली अनुदान मिळणारी लहानमोठी वाचनालये आज तालुक्याच्या गावापासून मोठ्या खेड्यापर्यंत आहेत. कवीने जेथे जेथे नोकरी केली त्या प्रत्येक गावच्या वाचनालयात आणि शाळेत एकेक प्रत स्वतः नेऊन द्यावी. त्या गावांतील मुलेच त्या कवितांत असतात. ती आता मोठी झालेली असतात आणि वाचनालयात त्यांपैकी एखादा तरी येतो.

आणखी एक गोष्ट स्वतः पुस्तक काढणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावी नसते. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांकडे, प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत पाठवावयाची असते. पुस्तकावर प्रकाशक म्हणून कवीचेच किंवा त्याच्या पत्नीचे नाव असेल तर हे कर्तव्य त्यांच्याकडे येते. चार पुडकी, चार पत्ते आणि टपालाची पावती एवढेच हे काम आहे. मेहकर, चिखली वा मलकापूरच्या टपालकचेरीतून निघालेली ती प्रत कोलकात्याच्या नोंदवहीत क्रमांकासह चढते आणि तेथील मराठी विभागात उभी राहते. गावातील शेवटची प्रत वाळवीने खाल्ली तरी ती तेथे असते.